मगदूम सरांची गाडी पुरात कुठे होती

"पुराच्या वेळी ही गाडी कुठे होती?" मी विचारले.

मगदूम सर आणि त्यांच्या पत्नी विजयमाला या दोघांनी एकाच वेळी उत्तर दिले.

"गारगोटीला, एका मित्राकडे," सर म्हणाले.

"इथंच, वरच्या कॉलनीत. उंचावर लावली होती," विजयमालाबाई म्हणाल्या.

मग दोघांनी एकमेकांकडे पाहिले. बाईंनी माझ्या पुढ्यातली, मुळातच सरळ असलेली बशी पुन्हा सरळ केली, आणि सरांना भिंतीवरच्या कॅलेंडरमध्ये अचानक रस वाटू लागला.

माझा मुलगा उदयसिंह तेव्हा बाहेर अंगणात, बॉनेट उघडून, कमरेपर्यंत गाडीत शिरला होता. त्याने बरोबर मेकॅनिक आणला होता. मोबाइलवर गाडीचा क्रमांक घालून तिचा विमा, अपघात, दंड आणि मालकी तपासली होती, आणि गाडी निष्कलंक असल्याचा निर्वाळा मला आदल्या संध्याकाळीच दिला होता. मागल्या वर्षी त्याने असेच कागद पाहून एक मोटारसायकल घेतली होती. तिच्या हेडलाइटच्या काचेआड वाळलेला मासा निघाला. तेव्हापासून आमच्या फाटकातून कोणतेही वाहन माझ्या चौकशीवाचून आत येणार नाही, असा दंडक मी घालून दिला होता.

या गोष्टीला आता बरीच वर्षे लोटली. पण तो मोठा पूर कोल्हापूरच्या माणसाला वेगळा सांगावा लागत नाही. पाणी उतरल्यावर गाळातून उपसलेल्या गाड्या धुऊन, पुसून, अत्तर फवारून बाजारात उभ्या राहिल्या होत्या. दिसायला उजळ आणि आतून गंजत चाललेल्या. अशी गाडी गावात दोन महिने गुणाने वागते आणि नेमकी घाटात बंद पडते. मगदूम सरांची गल्ली नदीच्या अंगाला. तिथे पाणी माळ्यापर्यंत चढलेले. म्हणून तो पहिला प्रश्न.

आणि मला घाट टाळता येणार नव्हता. माझी सून केतकी गुरांची डॉक्टर. तिची नेमणूक गगनबावड्याच्या घाटवाटेवरच्या एका सरकारी दवाखान्यात झाली होती आणि येत्या सोमवारी तिने रुजू व्हायचे होते. गुरांची दुखणी एस.टी.चे वेळापत्रक पाहून येत नाहीत. खात्रीची गाडी मिळाली तर ती रोज जाऊन-येऊन करणार होती. नाही मिळाली, तर तिकडेच खोली पाहून उदय, ती आणि माझी नात मुक्ता असे तिघांचे बिऱ्हाड हलणार होते. नव्या गाडीसाठी दिवाळीपर्यंत थांबावे लागत होते. केतकीने मला विचारले होते, "आईसाहेब, तुम्हाला काय वाटतं?" मी म्हणाले होते, "नोकरी तुझी आहे. तुला योग्य वाटेल ते कर." सरनोबतांच्या घरात आज्ञा देतात, थांबा म्हणून कुणाची विनवणी करण्याची पद्धत नाही. पण जेवणघरातल्या त्या लांबलचक टेबलाच्या टोकाला आपण एकटे बसलेले आहोत, हे चित्र काही केल्या माझ्या डोळ्यांपुढून हलत नव्हते.

"सर," मी म्हणाले, "गाडी एका वेळी एकाच ठिकाणी असते."

"हिला काय आठवतंय," सर कॅलेंडरला म्हणाले. "गारगोटीलाच होती."

"हो," विजयमालाबाई म्हणाल्या. "म्हणजे कॉलनीतनं पुढं गारगोटीला."

सर निवृत्त चित्रकलाशिक्षक. ताठ, खादीचा इस्त्री केलेला सदरा, टोकदार मिशा. डोळ्यांनी दगा द्यायला सुरुवात केल्यामुळे गाडी विकत होते. ते खोटे बोलत होते आणि तेही फार वाईट रीतीने, म्हणजे सवय नसलेल्या माणसासारखे. मी उठले, निरोप घेतला आणि उदयला गाडीतून बाहेर काढले.

"आईसाहेब, इंजिन बघा एकदा. आरसा आहे," उदय म्हणाला. "फक्त ड्रायव्हरचं सीट मागं पडतंय. कुणीतरी खूप आडवं झाल्यासारखं. बाकी काही नाही."

"इंजिन तू बघ. मी माणसं बघते."

आमच्या भावकीतली एकही सोयरीक माझ्या चौकशीवाचून ठरलेली नाही, आणि माझी रीत साधी आहे. ज्या घराची माहिती हवी, त्या घराशी ज्याचे पटत नाही, त्याच्याकडे जावे. मित्र गुण सांगतात. ते सांगायला कुणाची गरज नसते. मुलाकरिता चालते ते गाडीकरिता न चालायला काही कारण मला दिसले नाही. सरांच्याच गल्लीत माझ्या नणंदेच्या जावेचे, प्रभावतीचे, माहेर होते. घरी पोहोचताच मी तिला फोन लावला.

"गारगोटीला मित्र?" प्रभावती म्हणाली. "अहो वैनी, मास्तरांना कोल्हापुरातच मित्र नाही. चहाला आलेल्या माणसाची रेघ वाकडी म्हणून सांगतात. कोण टिकणार?"

"नातेवाईक?"

"एक बहीण आहे, शालन. उत्तूरच्या पलीकडं माळावर दिलीय. पण तिच्याशी बोलणं नाही. भाचीच्या लग्नापासनं."

"काय झालं लग्नात?"

"फेटा."

आमच्या भागात एवढे पुरते, तरी प्रभावतीने सविस्तर सांगितले. मांडवात सगळ्या पाहुण्यांना फेटे बांधले गेले, आणि नवरीच्या सख्ख्या मामापाशी येईपर्यंत कापड संपले. मामाच्या डोक्यावर पांढरी टोपी आणि खांद्यावर टॉवेल आला. मगदूम सरांनी ती टोपी अक्षतांच्या ताटात काढून ठेवली आणि भर मांडवात सांगितले की, या घराचा उंबरा मी पुन्हा ओलांडणार नाही. ज्यांना हे हसू येण्याजोगे वाटते, ते कोल्हापूरचे नव्हेत.

"आणि पुराच्या वेळी दोघं कुठं होती?"

"तेच तर कुणाला कळलं नाही. पाणी गल्लीत शिरायच्या आधी गाडी घेऊन गेली, उतरल्यावर आली. विजयमालाला विचारलं की ती भाजीचा भाव सांगायला लागते."

दुसऱ्या दिवशी, शनिवारी सकाळी मी पुन्हा सरांच्या दारात उभी राहिले. "घरात घेण्याआधी वाहन देवाला नेऊन आणायची आमची पद्धत आहे," मी सांगितले. "ज्योतिबाला जाऊन दुपारी परत आणते."

सरांनी काच पुसली, मग पुसलेली काच पुन्हा पुसली आणि चावी उदयच्या हातात ठेवली. "तिसरा गिअर टाकताना घाई करू नका. तिला आवडत नाही," ते म्हणाले.

हमरस्त्याला लागल्यावर मी उदयला कागलच्या दिशेने वळायला सांगितले.

"आईसाहेब, ज्योतिबा त्या बाजूला नाही."

"देव सगळीकडे आहे. वळव."

उत्तूरच्या पुढचा तो माळ उंच, मोकळा, पुराचे पाणी जिथे स्वप्नातही यायचे नाही असा. शालनताईंचे घर गावाच्या कडेला होते. पुढे सारवलेले अंगण, एका बाजूला गोठा आणि त्याला जोडून पत्र्याचे छप्पर. गाडी फाटकातून आत वळली न वळली तोच घरातून एक बाई लगबगीने बाहेर आली. पदर खोचलेला, एका हातात पाण्याचा तांब्या, दुसऱ्या हातात भाकरीचा तुकडा. लांबून आलेल्या आपल्या माणसावरून ओवाळून टाकतात तसा. ती थेट चालकाच्या खिडकीपाशी आली, वाकली, आणि आत उदयला पाहून तिचा हात हवेतच राहिला.

"कोण पायजे?" तिने विचारले. भाकरीचा तुकडा पदराआड गेला.

मी उतरले. "मी कोल्हापूरहून आले. सरनोबत. ही गाडी तुमच्या भावाची ना?"

"आमास्नी भाऊ न्हाई."

"मग गाडी ओळखीची असेल."

"कुणाची का असंना. आमी न्हाई वळखत."

हे सांगताना तो तुकडा कुठे ठेवावा हे तिला कळत नव्हते. ओवाळायला आणलेली भाकरी परत चुलीपाशी नेता येत नाही आणि परक्या माणसावरून उगाच टाकताही येत नाही. शेवटी एक कोंबडी पायांत घोटाळली आणि शालनताईंची सुटका झाली.

अंगणात त्यांचे यजमान आनंदराव कासरा वळत बसले होते. ते उठले, मला खाट झटकून दिली आणि पुन्हा कासऱ्याकडे वळले. त्यांची नजर मात्र एकदा गाडीकडे आणि एकदा पत्र्याच्या छपराकडे जात होती.

"बसा की. चा ठेवते," शालनताई म्हणाल्या. "गाडीचं काय म्हणत हुतासा?"

"विकायला काढली आहे. चांगली असली तर आम्ही घेणार आहोत."

त्या आत निघाल्या होत्या, त्या थांबल्या. "विकायला? कुणी?"

"तुम्हाला नसलेल्या भावानं."

शालनताई पायरीवर बसल्या. चहाचे नाव पुन्हा निघाले नाही. थोडा वेळ त्या अंगणातली माती पायाच्या अंगठ्याने उकरत राहिल्या, मग मान वर करून अगदी ठामपणे म्हणाल्या, "घेऊ नकासा."

"का?"

"पुरात हुती ती. हितवर पाणी." त्यांनी हात गळ्याला लावला. "इंजनात गाळ, शिटात गाळ. चार दिवस चालंल आन् बसंल. बाईमाणसाच्या हातात तर दिऊच नकासा."

"अगं," आनंदराव म्हणाले.

"तुमी गप ऱ्हावा."

आनंदराव गप्प राहिले. त्यांचा त्यातला सराव दांडगा दिसला.

परतताना हमरस्ता लागताच उदयने गाडीचा वेग कमी केला. "संपलं," तो म्हणाला. "उद्या जाऊन खोली बघून येतो तिकडं. केतकीला काय सांगायचं ते मी सांगतो."

"काही सांगू नकोस. ज्या बाईला भाऊ नाही, तिला त्याच्या गाडीच्या गळ्याशी आलेलं पाणी ठाऊक आहे. जी गाडी ती ओळखत नाही, तिच्या खिडकीशी ती भाकरतुकडा घेऊन धावत आली. ती बाई खोटं बोलते आहे, उदय."

"पण का? तिचा काय फायदा?"

नेमके तेच मला झोंबत होते. मी रीतीप्रमाणे वैऱ्याकडे गेले होते. वैरी दोष वाढवून सांगतो, हे मी गृहीत धरते आणि त्यातून निम्मे वजा करते. पण वैऱ्याला ओवाळायला धावणारी आणि मग त्याच्या गाडीची बदनामी करणारी बाई माझ्या हिशेबात बसत नव्हती. दोन दिवसांत मी तीन साक्षी घेतल्या होत्या आणि तिन्ही खोट्या होत्या.

मी गाडी परत द्यायला स्वतः सरांच्या ओट्यावर चढले. चावी ठेवली आणि उभ्यानेच म्हणाले, "सर, तुमच्या बहिणीनं सांगितलं, गाडी गळ्यापर्यंत पाण्यात होती."

"तुम्ही शालनकडे गेला होता?" सरांच्या मिशा थरथरल्या. "तुम्ही तर ज्योतिबाला गेला होता."

"वाटेत थांबलो."

"ज्योतिबाच्या वाटेत उत्तूर?"

"आम्ही लांबच्या वाटेनं गेलो. प्रश्न तो नाही. गाडी पाण्यात होती की नव्हती?"

"शालन असं म्हणाली? गळ्यापर्यंत?" आता सर उभे राहिले. "या गाडीला थेंब लागलेला नाही, बाई. थेंब. पूर असेपर्यंत तिच्याच गोठ्याजवळच्या छपराखाली उभी होती. मी स्वतः आत..."

"अहो," विजयमालाबाई म्हणाल्या.

"आत काय?" मी विचारले.

सर खाली बसले. "आत झोपत होतो," ते म्हणाले.

विजयमालाबाईंनी सुस्कारा टाकला आणि इतके दिवस जपून ठेवलेले सगळे माझ्यापुढे मांडले. पाणी गल्लीच्या तोंडाशी आले तेव्हा एकच रस्ता उघडा होता आणि त्या रस्त्यावर एकच नातेवाईक होती. "ह्यांनी उंबरा न ओलांडायची शपथ घेतलेली. मी घरात, गादीवर. हे बाहेर गाडीत, पाय दुमडून. जेवणाचं ताट शालनवन्सं आणून बॉनेटवर ठेवायच्या आणि म्हशीला सांगायच्या, कुणाला भूक लागली असली तर खाऊन घ्यावं म्हणावं."

"म्हशीला?"

"सरळ बोलणं नाही ना. मग हे पण म्हशीलाच सांगायचे, आमटीत मीठ जास्त झालंय म्हणावं."

"झालं होतंच जास्त," सर म्हणाले.

"मास्तरांनी गोठ्याशेजारी गाडीत मुक्काम केला, हे गल्लीत कळलं तर ह्यांची काय राहील? म्हणून मी कॉलनी सांगितली."

"आणि मी गारगोटी," सर म्हणाले. "आधी ठरवून घ्यायला हवं होतं."

माझ्या मनाची खात्री पटली होती. खरे म्हणजे तिथेच व्यवहार करून मी घरी जाऊ शकले असते, आणि उदयच्या चेहऱ्यावरून त्यालाही तेच हवे होते. पण ऐकलेली उलट साक्ष तशीच सोडून उठणे माझ्या स्वभावात नाही. ती बाई गाडी बाईमाणसाच्या हातात देऊ नका म्हणाली होती, आणि त्या घाटात माझीच सून जायची होती.

"सर, माझा तुमच्यावर विश्वास आहे," मी म्हणाले. "पण तुमच्या बहिणीनं माझ्यासमोर शब्द मागे घेतल्याशिवाय ही गाडी माझ्या फाटकातून आत येणार नाही. उद्या रविवार. परवा सून रुजू व्हायची आहे. उद्या सकाळी आपण तिकडं जाऊ."

"मी उंबरा ओलांडणार नाही."

"उंबऱ्याचं नाव कुणी काढलं? अंगणात उभे राहून बोला."

"बोलतोच," सर म्हणाले. "मला लबाड ठरवते म्हणजे काय?"

रविवारी सर मागच्या सीटवर माझ्याशेजारी बसले, हातात काठी, डोक्यावर टोपी, आणि उत्तूरपर्यंत उदयच्या प्रत्येक गिअरला हुंकार देत आले. फाटकातून गाडी आत शिरली तेव्हा शालनताई दारात उभ्या होत्या. या वेळी हातात काही नव्हते. त्यांनी आधी मला पाहिले, मग मागून उतरणाऱ्या भावाला, आणि चेहऱ्यावर आलेले काहीतरी घाईने पुसून टाकले.

सर अंगणाच्या मधोमध उभे राहिले. त्यांनी गोठ्याकडे तोंड केले. "म्हणावं," ते म्हशीला म्हणाले, "सरनोबतबाईंना काय सांगितलं ते माझ्यासमोर सांग म्हणावं."

"म्हणावं, जे खरं ते सांगितलं," शालनताईंनी म्हशीला उत्तर दिले.

म्हैस रवंथ करत राहिली.

"त्या जनावराला मध्ये घेऊ नका," मी म्हणाले. "मी कोल्हापूरहून दोनदा आले आहे. सरळ एकमेकांशी बोला."

माझा आवाज असा लागला की माणसे ऐकतात. दोघांनी एकमेकांकडे तोंड केले आणि पहिला शब्द काय काढावा हे दोघांनाही सुचेना. शेवटी सरांना सुचला.

"खोटारडी."

"तू इकाया काढलीस. मला सांगितलंस?"

"तुला का सांगू? मला टोपी घातलीस त्या दिवशी मला विचारलंस?"

"कापड संपलं, दादा. काय करू मी? पदर फाडून बांधू तुझ्या डोस्क्याला?"

"फाडायचा. सख्खा मामा होतो मी."

"चार जणांकडनं परत मागत फिरले मी. तुला थांबायला दम नव्हता. ताटात टोपी टाकून निघालास."

आनंदराव कासरा वळत होते. त्यांनी मला हळूच सांगितले, "एवढं तर लगीन लागताना पण बोलली न्हाईत."

"ते राहू दे," सर काठी आपटत म्हणाले. "गळ्यापर्यंत पाणी होतं म्हणालीस. देवाला हात लावून सांग."

"सांगते की."

"सांग."

"हितं कुठं देव हाय? देव्हाऱ्यात हाय." शालनताई गर्रकन वळल्या आणि आत गेल्या.

"थांब. मला दिसलं पाहिजे," सर म्हणाले. ते तरातरा पायऱ्या चढले, सवयीने चपला काढल्या, आणि तिच्यामागे घरात गेले.

आनंदरावांचा हात कासऱ्यावर थांबला. उदयने बोलायला तोंड उघडले. मी त्याच्या दंडावर हात ठेवला. मी दारापर्यंत गेले, पण आत पाऊल टाकले नाही.

"लाव हात," सरांचा आवाज आला. "आता बोल."

शालनताई म्हणाल्या, "थेंब न्हाई लागला गाडीला."

"मग? मास्तराची बहीण तू. खोटं का बोललीस?"

"तू गाडी इकलीस तर फुडल्या पुरात राहणार कुठं?" त्या म्हणाल्या. "घरात तर तू येत न्हाईस."

मी दारातून मागे सरले. गाडी त्या क्षणी माझ्या हातून गेली होती. मी पैसे मोजून गाडी घेऊ शकत होते. एखाद्या बहिणीच्या भावाची राहायची जागा विकत घेऊ शकत नव्हते. उदयला मी हाताने खूण केली की चावी काढून ठेव. सोमवारी कुठली खोली, कुठला टेम्पो, मुक्ताची शाळा, हे सगळे विचार एकामागून एक येऊन उभे राहिले आणि मी त्या सगळ्यांना मनातल्या मनात बसायला जागा करून दिली.

आत कुणी बोलत नव्हते. आनंदराव उठले, पायऱ्यांपाशी गेले, उन्हात पडलेल्या सरांच्या चपला त्यांनी उचलल्या आणि उंबऱ्याच्या आतल्या बाजूला नीट जोडून ठेवल्या. मग परत येऊन कासरा हातात घेतला. तेव्हा कुठे मला कळले की उंबरा ओलांडला गेला हे आत लक्षात आले आहे आणि म्हणून कुणी बोलत नाही.

पुढचा आवाज पाण्याच्या तांब्याचा आला. मग सरांचा, जरा घोगरा. "मीठ बेतानं घाल."

शालनताई बाहेर आल्या तेव्हा डोळे लाल होते आणि आवाज मात्र पुन्हा घरधनिणीचा. "आईसाहेब, मी खोटं बोलले. कोरडी ठक्क हाय गाडी. सुनंला डोळे झाकून द्या. घिऊन जावा."

"सरांना विचारलंत?"

"म्हणतो, आता काय करायची हाय."

उदय पुढे झाला. "सर, बसा मग. तुम्हाला घरी सोडून पुढं जातो."

"त्याला कशाला सोडताय?" शालनताई म्हणाल्या. "गाडी तुमची, माणूस आमचा. येईल यष्टीनं."

"उद्या?"

"उद्या न्हाई. परवा."

"विजयमालाबाईंना मी काय सांगू?" मी विचारले.

शालनताईंनी पदराने तोंड पुसले. "सांगा, ह्या खेपेला घरात झोपलाय."

संध्याकाळी आमच्या फाटकातून गाडी आत आली तेव्हा केतकी आणि मुक्ता ओट्यावर उभ्या होत्या. विजयमालाबाईंना मी तो निरोप दिला होता. त्यांनी तो दोनदा ऐकला आणि नंतर कितीतरी वेळ माझा हात सोडला नव्हता. उदय गाडीतून उतरला आणि थेट आंघोळीला गेला.

केतकीने गाडीभोवती एक फेरी मारली. दार उघडून पाहिले, लावून पाहिले. "आईसाहेब, चौकशी पूर्ण झाली?" तिने विचारले.

"झाली. कागद उद्या-परवा होतील, चावी आजच घे. तिसरा गिअर टाकताना घाई करायची नाही. सकाळी लवकर नीघ."

"हो, आईसाहेब."

ती चावी घेऊन वळली. मी तिला हाक मारली. ती आणखी एखादी सूचना ऐकायच्या तयारीने उभी राहिली, आणि मला शब्द जुळवायला आयुष्यात कधी लागला नव्हता एवढा वेळ लागला.

"आणि संध्याकाळी घरी ये," मी म्हणाले. "रोज ये. तू नसलीस की मला जेवण जात नाही."